ॲडव्हर्बचा सराव मराठी वाक्यापासून

व्याकरणाच्या बहुतेक पुस्तकांत ॲडव्हर्बचं, म्हणजे क्रियाविशेषणाचं, प्रकरण एकाच साच्यातलं असतं. आधी व्याख्या, मग प्रकार, प्रत्येक प्रकाराखाली पंधरा-वीस शब्द आणि शेवटी रिकाम्या जागा भरा. विद्यार्थी यादी घोकतो, रिकाम्या जागा बिनचूक भरतो आणि दुसऱ्या दिवशी लिहितो, 'ही स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश.' फ्लुएंटली हा शब्द त्याला येत होता. तो कुठे ठेवायचा, एवढंच अडलं. डोक्यात 'तो अस्खलित इंग्रजी बोलतो' हे वाक्य तयार होतं आणि त्याच क्रमाने शब्द बाहेर पडले.

मराठी माणसाच्या ॲडव्हर्बच्या चुका बघितल्या तर बऱ्याचशा अशाच निघतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झालं, त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीला भेटायचं. दोन्ही पिढ्यांचे लोक पुढे नोकरीच्या अर्जात आणि मुलाखतीत याच ठिकाणी अडखळतात. म्हणून इथला सराव आपल्याच मराठी वाक्यांपासून सुरू करू. रोजची पंधरा-वीस मिनिटं आणि एक वही पुरे.

पहिली पायरी : आपलीच वाक्यं जमवा

वहीच्या डाव्या पानावर आपल्या दिवसातली दहा-बारा वाक्यं लिहा. पुस्तकातली नकोत, खरोखर तोंडी आलेली हवीत. 'मी रोज साडेसहाला उठते.' 'लोकल आज परत उशिरा आली.' 'साहेब जरा जोरातच बोलले.' 'आई अजून झोपलेली आहे.' 'परवा बँकेत जायचंय.' 'त्याने दार धाडकन लावलं.'

आता प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाला प्रश्न विचारा : कसं, कुठे, कधी, किती वेळा, किती प्रमाणात? उत्तर म्हणून जो शब्द येईल तो अधोरेखित करा. शाळेत शिकलेली रीतिवाचक, स्थलवाचक, कालवाचक ही नावं आठवली तर उत्तम, नाही आठवली तरी काही बिघडत नाही. वर्गवारी मात्र करायला हवी, कारण इंग्रजीत शब्दाची जागा तिच्यावर ठरते. 'जोरातच'मधला 'च' वेगळा शब्द नाही, तरी त्याच्याखालीही रेघ मारून ठेवा. पुढे तो पुष्कळ त्रास देणार आहे.

एक लक्षात असू द्या. ॲडव्हर्ब फक्त क्रियापदाला जोडलेला नसतो. 'व्हेरी हॉट'मधला व्हेरी विशेषणाला चिकटलाय आणि 'व्हेरी स्लोली'मधला दुसऱ्या ॲडव्हर्बला.

दुसरी पायरी : गुड की वेल

मराठीत आपण म्हणतो, 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते'. गाणाऱ्याप्रमाणे शब्द बदलतो, म्हणजे काम क्रियाविशेषणाचं असलं तरी रूप विशेषणाचं आहे. त्यामुळे 'शी सिंग्ज गुड' म्हणताना आपल्याला काहीच खटकत नाही. इंग्रजीत मात्र माणसाबद्दल किंवा वस्तूबद्दल बोलायचं असेल तर गुड आणि कृतीबद्दल बोलायचं असेल तर वेल. 'शी इज अ गुड सिंगर', पण 'शी सिंग्ज वेल'.

याचा सराव जोड्यांनी करा. 'शी इज अ केअरफुल ड्रायव्हर' लिहिलं की लगेच खाली 'शी ड्राइव्ह्ज केअरफुली'. 'ही इज अ स्लो ईटर', त्याखाली 'ही ईट्स स्लोली'. घरातल्या प्रत्येक माणसावर अशी एक जोडी करा. शेजाऱ्यांवर केली तर वही जपून ठेवा.

या नियमाला एक पोटनियम आहे आणि हुशार विद्यार्थी नेमके तिथेच फसतात. लुक, फील, स्मेल, टेस्ट, साउंड ही क्रियापदं 'दिसणं', 'वाटणं', 'वास येणं', 'चव लागणं', 'ऐकायला वाटणं' अशा अर्थाने आली की त्यांच्यापुढे विशेषण लागतं. 'धिस टी टेस्ट्स बिटर', बिटरली नाही. कडू चहा आहे, चव लागण्याची क्रिया कडू नाही. पण 'ही लुक्ड अँग्री' म्हणजे तो चिडलेला दिसत होता आणि 'ही लुक्ड ॲट मी अँग्रिली' म्हणजे त्याने माझ्याकडे रागाने बघितलं. दुसऱ्या वाक्यात बघणं ही खरीखुरी कृती आहे, म्हणून तिथे शब्दाच्या शेवटी ली (एल-वाय) आला.

ली जोडतानाच्या स्पेलिंगचे नियम थोडेच आहेत. हॅपीसारख्या शब्दाचा शेवटचा वाय जाऊन आय येतो. जेंटलचं जेंटली होताना शेवटचा ई गळतो. ट्रूचं ट्रुली होतानाही तो ई जातो. बेसिकसारख्या आय-सीने संपणाऱ्या शब्दांना ए-एल-एल-वाय लागतं, पब्लिक तेवढा अपवाद : त्याला नुसतं एल-वाय. आणि केअरफुलमध्ये एल एक असतो, केअरफुलीमध्ये दोन. अर्जांमध्ये सर्वाधिक चुकणारं स्पेलिंग मला तरी हेच दिसतं.

ली दिसला की ॲडव्हर्ब, हेही खरं नाही. फ्रेंडली, लव्हली, लोन्ली, कॉस्टली ही विशेषणं आहेत. 'तो मोकळेपणाने बोलला'साठी 'ही स्पोक फ्रेंडली' चालत नाही, 'ही स्पोक इन अ फ्रेंडली वे' असा वळसा घ्यावा लागतो.

तिसरी पायरी : हार्ड आणि हार्डली

मुलाखतीत 'आय वर्क हार्डली' असं छातीठोकपणे सांगणारे उमेदवार असतात. त्यांना म्हणायचं असतं 'मी कष्ट करतो', समोरच्याला ऐकू येतं 'मी जेमतेमच काम करतो'. हार्ड या रूपातच ॲडव्हर्ब आहे, त्याला ली लावला की अर्थ पार बदलतो.

असं का, याचं उत्तर इंग्रजीच्या इतिहासात आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत कित्येक विशेषणांच्या शेवटी ई जोडून क्रियाविशेषण होत असे. पुढे तो ई उच्चारातून गळून पडला आणि दोन्ही रूपं सारखीच झाली. हार्ड, फास्ट ही त्याच घराण्यातली. म्हणून 'रन फास्ट' म्हणायचं, फास्टली नावाचा शब्दच नाही. रस्त्यावरच्या पाट्यांवर 'गो स्लो' लिहितात तेही चूक नाही. औपचारिक लेखनात मात्र स्लोली बरं.

या जोड्या वाक्यांसकट लक्षात ठेवा. 'ही केम लेट' म्हणजे उशिरा आला, 'आय हॅवन्ट सीन हिम लेटली' म्हणजे हल्ली दिसला नाही. 'द काइट फ्लू हाय' म्हणजे पतंग उंच उडाला, 'शी इज हायली क्वालिफाइड' म्हणजे ती उच्चशिक्षित आहे. 'कम नियर' म्हणजे जवळ ये, 'आय नियरली फेल' म्हणजे मी पडतापडता वाचलो.

या शब्दांचा कान तयार करायचा असेल तर क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनासारखा शिक्षक नाही. चेंडू 'लेट' खेळला, 'स्ट्रेट' मारला, फलंदाजाने 'हार्ड' फटका मारला, आणि एखादा फटका 'ब्यूटिफुली टाइम्ड'. एका षटकात दोन्ही जातीचे ॲडव्हर्ब कानावर पडतात. सामना बघताना आवाज बंद करून मित्राशी गप्पा मारण्यापेक्षा एक षटकभर वही मांडीवर घ्या.

चौथी पायरी : जागा

सरावाचा निम्मा वेळ इथे घालवा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण शब्द योग्य ठिकाणी बसायला लागला की इंग्रजी ऐकणाऱ्याला तुमचं वाक्य पुन्हा विचारावं लागत नाही.

पहिली गोष्ट : क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये ॲडव्हर्ब घुसवू नका. मराठीत कर्म आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण आरामात बसतं, 'तिने दार हळूच लावलं'. इंग्रजीत 'शी क्लोज्ड द डोअर क्वाएटली' किंवा 'शी क्वाएटली क्लोज्ड द डोअर'. 'शी क्लोज्ड क्वाएटली द डोअर' कधीच नाही. 'मला पुरणपोळी खूप आवडते' हे 'आय लाइक व्हेरी मच पुरणपोळी' होत नाही, व्हेरी मच पुरणपोळीच्या मागे जातं.

दुसरी गोष्ट किती वेळा सांगणाऱ्या शब्दांची : ऑल्वेज, युज्वली, ऑफन, नेव्हर वगैरे. साधं क्रियापद असेल तर त्याच्या आधी : 'आय ऑल्वेज टेक द सेव्हन फिफ्टीन लोकल'. ॲम, इज, आर, वॉज, वेअर असेल तर नंतर : 'द लोकल इज युज्वली क्राउडेड'. सहायक क्रियापदं असतील तर पहिल्याच्या लगेच मागे : 'आय हॅव नेव्हर मिस्ड इट', 'द फॉर्म हॅज ऑलरेडी बीन सबमिटेड'. प्रॉबेबली हा शब्द किती वेळा ते सांगत नाही, पण जागा हीच घेतो : 'शी विल प्रॉबेबली कम'. यातली तिसरी चाल बोलताना सवयीची व्हायला वेळ लागतो, तेव्हा लिहून झाल्यावर मोठ्याने वाचा.

तिसरी गोष्ट मला या सगळ्यात गंमतीची वाटते. वाक्याच्या शेवटी दोन-तीन ॲडव्हर्ब आले तर इंग्रजीचा नेहमीचा क्रम असा : कसं, मग कुठे, मग कधी. मराठीचा नेहमीचा क्रम याच्या बरोब्बर उलटा. 'ती काल शाळेत छान बोलली.' आता हेच वाक्य शेवटाकडून वाचत या : बोलली, छान, शाळेत, काल. 'शी स्पोक वेल ॲट स्कूल येस्टर्डे.' झालं. 'सोमवारी सकाळी सहाला' हेही उलटं करा : 'ॲट सिक्स ऑन मंडे मॉर्निंग'. सुरुवातीला दहा दिवस तरी डाव्या पानावरचं मराठी वाक्य उलटं वाचून उजव्या पानावर इंग्रजी लिहा, हात आपोआप बसतो.

याला अपवाद आहेत. जाण्या-येण्याच्या क्रियापदांना ठिकाण जवळ लागतं, 'शी वेंट होम क्वाएटली'. वेळेवर जोर द्यायचा असेल तर येस्टर्डे वाक्याच्या आरंभी येतो. फॉर्च्युनेटली, ऑनेस्टली यांसारखे अख्ख्या वाक्यावर शेरा मारणारे शब्दही बहुधा आरंभी येतात आणि त्यांच्यामागे स्वल्पविराम लागतो. बेसिकली आणि ॲक्चुअली त्याच जातीचे, पण प्रत्येक वाक्याची सुरुवात त्यांनी करायची सवय मोडलेली बरी.

पाचवी पायरी : च, अजून, परवा, कधीच

'मी उद्याच येते' याचं 'आय ॲम कमिंग टुमारो ओन्ली' होतं. भारतभर हे समजतं, आपल्यात बोलताना कुणाचं काही अडत नाही. पण परदेशी ग्राहकाशी फोनवर बोलणाऱ्याने सावध राहावं. त्याला 'उद्याच्या आधी शक्य नाही' असं ऐकू येण्याची शक्यता आहे.

अडचण अशी की मराठी च अनेक कामं करतो आणि ओन्ली त्यांतलं एकच. 'इतकंच, जास्त नाही' असा अर्थ असेल तरच ओन्ली : 'दोनच पोळ्या' म्हणजे 'ओन्ली टू चपातीज'. ठिकाणावर किंवा वेळेवर बोट ठेवायचं असेल तर राइट किंवा जस्ट : इथेच म्हणजे 'राइट हिअर', आत्ताच्या आत्ता म्हणजे 'राइट नाऊ', तेवढ्यातच म्हणजे 'जस्ट देन'. माणसावर जोर असेल तर 'त्यानेच सांगितलं' हे 'ही हिमसेल्फ टोल्ड मी' होतं. आणि पुष्कळदा च साठी इंग्रजीत शब्दच नसतो, आवाजाचा दाब असतो. 'आय ॲम कमिंग टुमारो' म्हणताना टुमारो ठासून म्हणा, काम झालं.

ओन्ली कुठे ठेवायचा, याला मराठी उलट मदतच करते. च ज्या शब्दाच्या मागे लागतो, लिहिताना ओन्ली त्याच शब्दाच्या पुढे ठेवा. 'रमानेच दोन लाडू खाल्ले' : 'ओन्ली रमा एट टू लाडूज'. 'रमाने दोनच लाडू खाल्ले' : 'रमा एट ओन्ली टू लाडूज'. बोलताना इंग्रज माणूस दुसऱ्या वाक्यातही ओन्ली क्रियापदाआधी टाकतो आणि अर्थ आवाजावरून कळतो. कागदावर आवाज नसतो, म्हणून लिहिताना शिस्त पाळावी.

अजून या शब्दाचे दोन रस्ते आहेत. 'तो अजून झोपलाय' यात स्थिती चालू आहे, म्हणून स्टिल : 'ही इज स्टिल स्लीपिंग'. 'तो अजून आला नाही' यात नकार आहे, म्हणून येट, तोही शेवटी : 'ही हॅजन्ट कम येट'. 'ही स्टिल हॅजन्ट कम' हेही बरोबर आहे, फक्त त्यात वैतागाची छटा येते. 'अजून भात वाढ' मधला अजून तिसराच, तो मोअर.

परवा कुठलं ते मराठीत क्रियापद सांगतं, इंग्रजीत तुम्हाला सांगावं लागतं : 'द डे बिफोर येस्टर्डे' किंवा 'द डे आफ्टर टुमारो'. 'दोन वर्षांपूर्वी'साठी 'टू इयर्स अगो' आणि सोबत साधा भूतकाळ. 'आय हॅव मेट हिम टू इयर्स अगो' चुकलं, 'आय मेट हिम' हवं.

राहिला कधीच. 'मी कधीच खोटं बोललो नाही' यात मराठीला 'कधीच' आणि 'नाही' दोन्ही लागतात. इंग्रजी नेव्हरच्या पोटात नकार आधीच आहे, म्हणून 'आय हॅव नेव्हर लाइड', त्यात नॉट नको. हार्डली, सेल्डम, बेअरली यांचंही तसंच : 'आय कॅन हार्डली हिअर यू', कान्ट नाही. हेच नकारगर्भ शब्द वाक्याच्या आरंभी आले की सहायक क्रियापद उडी मारून कर्त्याच्या आधी येतं. दहावी-बारावीच्या 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये 'ॲज सून ॲज'चं वाक्य 'नो सूनर'ने लिहायला सांगतात ते याच तत्त्वावर : 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट'. नो सूनरचा जोडीदार दॅन, हार्डलीचा व्हेन. या जोड्या फिरवल्या की गुण गेले.

जाता जाता टू आणि व्हेरी. टूमध्ये 'नको इतकं' हा अर्थ दडलेला आहे. म्हणून 'द टी इज टू हॉट टू ड्रिंक' मधला टू काढताना 'सो हॉट दॅट आय कान्ट ड्रिंक इट' असा नकार उघडा करावा लागतो. जेवण आवडलं तर 'व्हेरी टेस्टी' म्हणा, 'टू टेस्टी' नको.

सहावी पायरी : धाडकनचं काय करायचं

मराठीत क्रियापद साधं आणि क्रियाविशेषण रंगीत असतं. धाडकन, खुदकन, घटाघटा, टकामका, लगबगीने. यांचा इंग्रजी ॲडव्हर्ब शोधत शब्दकोश चाळू नका. इंग्रजी बरेचदा तो रंग क्रियापदातच भरते. 'दार धाडकन लावलं' म्हणजे 'ही स्लॅम्ड द डोअर'. 'घटाघटा पाणी प्यायला' म्हणजे 'ही गल्प्ड डाउन द वॉटर'. 'कानात हळूच सांगितलं' म्हणजे 'शी व्हिस्पर्ड'. 'लगबगीने आत गेली' म्हणजे 'शी हरीड इन'. वहीत या शब्दांसाठी वेगळं पान ठेवा. जे ॲडव्हर्ब इंग्रजीत जाताना नाहीसे होतात त्यांचं पान. हळूहळू, पटापट अशी द्विरुक्ती मात्र तशीच उचलू नका. 'स्लोली स्लोली' ऐवजी 'ग्रॅज्युअली' किंवा नुसतं 'स्लोली'.

आता करून बघा

उत्तरं झाकून खालची वाक्यं इंग्रजीत लिहा.

एक, ती नेहमी वेळेवर येते. दोन, बाबा अजून ऑफिसातच आहेत. तीन, मी काल लायब्ररीत शांतपणे अभ्यास केला. चार, त्याला मराठी उत्तम बोलता येतं. पाच, आम्ही इथे क्वचितच येतो. सहा, या फुलांना छान वास येतो. सात, माझ्याकडे शंभरच रुपये आहेत. आठ, मी असा पाऊस कधीच पाहिला नाही.

उत्तरं अशी :

एक, 'शी ऑल्वेज कम्स ऑन टाइम.' दोन, 'फादर इज स्टिल ॲट द ऑफिस.' इथे च गळला, स्टिलने त्याचंही काम केलं. तीन, 'आय स्टडीड क्वाएटली इन द लायब्ररी येस्टर्डे', मराठीच्या उलट क्रमाने. चार, 'ही स्पीक्स मराठी व्हेरी वेल', मराठी आणि स्पीक्स यांच्यामध्ये काहीही नाही. पाच, 'वी सेल्डम कम हिअर', नॉटशिवाय. सहा, 'दीज फ्लॉवर्स स्मेल गुड.' वेल लिहिलं असेल तर दुसरी पायरी पुन्हा वाचा. सात, 'आय हॅव ओन्ली अ हंड्रेड रुपीज.' आठ, 'आय हॅव नेव्हर सीन सच रेन.' आठवं वाक्य 'नेव्हर'ने सुरू करूनही लिहा : 'नेव्हर हॅव आय सीन सच रेन.' बोलताना हे नाटकी वाटेल, निबंधात आणि परीक्षेत मात्र चांगलं उठून दिसतं.